मॉर्मन गावात नाशिकचे बिऱ्हाड

प्रश्न

स. न. वि. वि.

माझा मुलगा डॉक्टर आहे. जे-वन व्हिसावर अमेरिकेत शिकलेल्या डॉक्टरांना पुढे तिथेच राहायचे असेल, तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे नोकरी करण्याचा एक मार्ग असतो. त्या सवलतीत त्याला यूटा राज्यातील सॅनपीट काउंटीत एका लहान गावाच्या परिसरात काम मिळाले आहे. येत्या उन्हाळ्यात तो, सून, नववीत जाणारा नातू आणि सात वर्षांची नात असे सगळे डेट्रॉइटहून तिकडे बिऱ्हाड हलवणार आहेत. डेट्रॉइटला मराठी मंडळ होते, मंदिर होते, गणपतीत आरतीला घर भरून जात असे. नव्या गावात जवळजवळ सगळे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक आहेत आणि आमच्या माहितीप्रमाणे भारतीय घर एकही नाही.

आम्ही गंगापूर रोडला राहतो. मुलाने बातमी सांगितल्यापासून माझे लक्ष कशातच लागत नाही. ते लोक घरी येऊन धर्मांतरासाठी मागे लागतात, त्यांच्यात अनेक बायका करण्याची चाल आहे, चहा पिणाऱ्यांना ते नावे ठेवतात, असे आमच्या ओळखीतल्यांनी सांगितले. मुलगा हसण्यावारी नेतो, पण सून फोनवर गप्प असते. नातवंडांना तिथे मित्रमैत्रिणी मिळतील का? आपण हिंदू आहोत हे मोकळेपणाने सांगावे की जपून राहावे? मी स्वतः हिवाळ्यात सहा महिने त्यांच्याकडे जाऊन राहणार आहे. दिवसभर त्या घरात मी काय करू, हाही प्रश्न आहेच.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर

तुमच्या सर्वांत मोठ्या काळजीचे उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचे शांतपणे बोलता येईल. आईवडिलांच्या संमतीशिवाय तुमच्या नातवंडांचा धर्म कोणी बदलू शकत नाही. या चर्चमध्ये वयाच्या आठव्या वर्षापासून बाप्तिस्मा देतात, मात्र अल्पवयीन मुलाला तो द्यायचा असेल तर पालकांची परवानगी लागते आणि हा नियम त्यांच्या चर्चनेच घालून घेतलेला आहे. रविवारी त्यांच्या प्रार्थनेला कोणी जाऊन बसले, त्यांच्या मुलांबरोबर सहलीला गेले किंवा त्यांच्या सभागृहात बास्केटबॉल खेळले, म्हणून कोणी त्यांचा सभासद होत नाही. अनेक बायकांची गोष्ट तर फार जुनी झाली. चर्चने 1890 मध्ये बहुपत्नीत्वाची प्रथा अधिकृतपणे मागे घेतली आणि आज तसे कोणी केल्यास त्याला चर्चमधून काढून टाकतात. यूटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर काही फुटीर गट ही प्रथा चालवत आले, परंतु त्यांचा आणि तुमच्या मुलाच्या होणाऱ्या शेजाऱ्यांचा काही संबंध नाही.

आता जी अडचण खरोखर येते तिच्याकडे वळते. मी काही वर्षे उत्तर यूटातील कॅश व्हॅलीत संसार केला आहे, त्यामुळे हे सांगताना डोळ्यांसमोर खरी माणसे आहेत. अशा गावात परक्या कुटुंबाला कोणी त्रास देत नाही, उलट पहिले काही आठवडे इतके प्रेम मिळते की माणूस भारावून जातो. त्यानंतर मात्र एकटेपणा जाणवू लागतो आणि त्याचे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ते कारण असे, की तिथले चर्च म्हणजे केवळ प्रार्थनेची जागा नसून गावाचा सगळा सामाजिक व्यवहारच त्याच्याभोवती विणलेला असतो. तुम्ही कुठल्या पत्त्यावर राहता त्यावरून तुमचा ‘वॉर्ड’ ठरतो, म्हणजे आसपासच्या गल्ल्यांतील कुटुंबांची मिळून एक मंडळी होते. तिचा प्रमुख असलेला बिशप पगारी धर्मगुरू नसतो. तो आठवडाभर शेती करतो, शाळेत शिकवतो किंवा बँकेत काम करतो आणि साधारण पाच वर्षे ही जबाबदारी विनामोबदला सांभाळतो. बहुतेक प्रत्येक सभासदाकडे असे एखादे काम सोपवलेले असते, त्याला ते ‘कॉलिंग’ म्हणतात. रविवारी दोन तास प्रार्थना आणि वर्ग, सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली, आठवड्यात एक संध्याकाळ तरुण मुलांच्या कार्यक्रमांची, शिवाय कोणाच्या घरी बाळंतपण असेल तर जेवण पोचवायचे, कोणी आजारी असेल तर अंगण झाडायचे. अशा घरात माणसे प्रेमळ असतात, पण त्यांच्याजवळ मोकळा वेळ उरलेला नसतो. आपल्याला ती टाळत आहेत असे वाटते, प्रत्यक्षात त्यांचा आठवडा आधीच भरलेला असतो. तुमच्या सुनेने ही एक गोष्ट मनात पक्की धरली, तर पुढचे पुष्कळ गैरसमज टळतील.

सामान घेऊन ट्रक दारात उभा राहील त्या दिवशी काय होईल तेही सांगते. आमच्याकडे झाले ते असे, की आम्ही कोणाला बोलावले नसताना हातमोजे घातलेली आठ-दहा माणसे आणि त्यांची उंचीपुरी मुले आली, कपाटे आणि पलंग उचलून ज्या त्या खोलीत नेऊन ठेवले, पाणी पिऊन निघून गेली. संध्याकाळपर्यंत ओट्यावर घरी भाजलेला पाव, जॅमची बरणी आणि कागदी थाळीत कुकी असे जमा झाले. यामागे हिशेब नसतो, ती त्यांची सेवेची शिकवण आहे, म्हणून संशय न धरता मदत घ्यावी. आपल्याकडे शेजारचे भांडे रिकामे परत करत नाहीत, तोच रिवाज सुनेने तिथे चालू ठेवावा. आठवड्याभरात चिवडा किंवा नारळाच्या वड्या घेऊन ती एकेका दारी गेली, तर तिची ओळख ‘नव्या डॉक्टरांची बायको’ एवढीच राहणार नाही. वड्यांत काय आहे ते मात्र चिठ्ठीवर लिहावे, कारण सुक्या मेव्याची ॲलर्जी असणारी मुले तिकडे बरीच असतात.

याच पहिल्या महिन्यात एक वाक्य स्पष्ट बोलून टाकणे फार गरजेचे आहे. ‘आम्ही हिंदू आहोत, आमच्या धर्मात समाधानी आहोत, तुमच्याशी मैत्री करायला मात्र आम्हाला मनापासून आवडेल,’ एवढेच हसून आणि एकदाच सांगावे, शक्य तर वॉर्डाच्या बिशपला सांगावे. आपली माणसे भिडेपोटी ‘बघू’, ‘नंतर कधीतरी’ असे म्हणतात आणि समोरचा माणूस ते आमंत्रण समजतो. पांढरे शर्ट आणि छातीवर नावाची पट्टी लावून जोडीने फिरणारे तरुण प्रचारक दारात आले, तर त्यांनाही हेच सांगून पाणी विचारावे. ही विशी-बाविशीच्या आतली, घरापासून दूर राहणारी मुले असतात आणि सरळ नकाराने ती दुखावत नाहीत. वारंवार कोणी येऊ लागले तर बिशपला कळवावे, तो लक्ष घालतो. तेव्हा जपून किंवा लपून राहण्याचा सल्ला मी अजिबात देणार नाही. धर्म मनापासून पाळणाऱ्या समाजात दुसऱ्याचा धर्म मनापासून पाळणाऱ्याला मान मिळतो, हा माझा अनुभव आहे. देव्हारा दिवाणखान्यात असेल तर तो तिथेच राहू द्या.

चहाचे कोडे समजले की सुटते. 1833 मधील एका धर्मवचनानुसार ते मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य मानतात, त्याला ते ‘वर्ड ऑफ विजडम’ म्हणतात. हा नियम त्यांचा त्यांच्यापुरता आहे. शाळेतून नात ‘आजी, चहा वाईट असतो का?’ असे विचारत आली, तर तिला एवढेच सांगा की ते लोक पीत नाहीत आणि आपण पितो. तुम्ही तुमचा आल्याचा चहा निर्धास्त घ्या. पाहुण्यांना मात्र तो विचारू नका, कारण नकार देताना त्यांना अवघडल्यासारखे होते. जैन शेजारी जेवायला येणार असले की आपण कांदा-लसूण न बोलता बाजूला ठेवतो, तशीच ही काळजी आहे. वेलदोड्याचे गरम दूध, कोकम सरबत, पन्हे, ताक यांतले काहीही चालते आणि आवडतेही. नाशिकहून जाताना अगत्याची भेट म्हणून कोणी द्राक्षांची वाइन सुचवेल, ती त्या घरांसाठी नेऊ नये. त्यापेक्षा मनुके न्यावेत.

उलट बाजूने, त्यांच्याकडे जेवायला जाताना तुम्ही शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवावे लागेल. बटाटे, चीज आणि वर कुरकुरीत कॉर्नफ्लेक्स असा एक पदार्थ अंत्यविधीनंतरच्या जेवणापासून सणापर्यंत सगळीकडे असतो. तो दिसायला शाकाहारी, पण त्यात बहुधा चिकनचे सूप घातलेले असते. रंगीत जेलो तर यूटाने 2001 मध्ये राज्याचा अधिकृत खाऊ म्हणून जाहीर केला आहे. त्यात जिलेटिन असते आणि ते प्राण्यांपासून काढतात. हे विचारायला संकोच वाटू देऊ नये, कारण खाण्याचे नियम पाळणे म्हणजे काय हे त्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही.

आमंत्रणे देताना वार पाहावा. रविवार ते विश्रांतीचा मानतात, त्या दिवशी बरीच कुटुंबे खरेदी करत नाहीत, खेळांचे सामने टाळतात आणि मुलांना बाहेरच्या वाढदिवसांनाही सहसा पाठवत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपवास असतो, दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे ते गरजूंसाठी देतात. म्हणून दिवाळीचा फराळ असो की नातीचा वाढदिवस, तो शनिवारी ठेवावा आणि दोन आठवडे आधी बोलवावे. मग पाहा, घर भरते की नाही. आणखी एक, तुम्ही बोलावण्याची वाट पाहू नका. जो आधीच मंडळीत आहे त्याला दुसऱ्याचे एकटेपण दिसत नाही, त्यामुळे पुढाकार बाहेरून आलेल्या घरालाच घ्यावा लागतो. हे न्याय्य नाही असे मलाही वाटत असे, तरी उपयोगी पडले ते हेच.

बाहेरच्या घराला सर्वांत जड जातो तो रविवार. रस्ते ओस, दुकाने बंद, शेजारची मुले इस्त्रीच्या कपड्यांत चर्चला गेलेली. तो दिवस मोकळा सोडला तर सुनेला तो खायला उठेल. उन्हाळ्यात तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, तेव्हा आठवड्याचा निवांत फोन त्याच वेळेला ठरवून टाका. दुपारी मांटी-ला साल जंगलात फिरायला जावे, ते गावाच्या उशालाच आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी स्पॅनिश फोर्कला जावे, साधारण तासा-दीड तासाची वाट आहे. तिथे टेकडीवर इस्कॉनचे राधाकृष्ण मंदिर आहे. ते उभे राहताना मॉर्मन शेजाऱ्यांनी हातभार लावला आणि आज तिथल्या होळीला रंग खेळायला येणाऱ्यांत मॉर्मन विद्यार्थ्यांचीच मोठी गर्दी असते. आणखी पुढे सॉल्ट लेकच्या खोऱ्यात साउथ जॉर्डनला गणेश मंदिर आहे आणि भारतीय किराणाही त्याच भागात मिळतो. डाळी, कणीक, मसाले यांची मोठी खरेदी त्याच फेरीत उरकावी.

नातवाविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण नववीतल्या मुलाची जागा या सगळ्यात अवघड असते. यूटातील हायस्कुलात सभासद मुलांना रोज एक तास शाळेबाहेर सोडतात. शेजारीच चर्चची ‘सेमिनरी’ नावाची इमारत असते, तिथे जाऊन ती धर्मग्रंथ शिकतात. आपला मुलगा त्या तासाला दुसरा विषय घेऊ शकतो, त्यात त्याचे शैक्षणिक नुकसान काहीच नाही. 1981 मध्ये लोगन गावच्या एका खटल्यात अपील न्यायालयाने विद्यार्थ्यांना असे सोडायला मान्यता दिली, मात्र तिथल्या धर्मशिक्षणाला शाळेचे गुण देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. कायदा असा व्यवस्थित आहे. पण बाकावरचे चारही मित्र उठून एका दारातून जातात आणि आपण एकटे मागे उरतो, हे कायद्याने भरून निघत नाही. म्हणून शाळा सुरू होण्यापूर्वीच मुलाच्या वडिलांनी समुपदेशकाला भेटून त्या तासाला बँड, चित्रकला, सुतारकाम असे काहीतरी निवडावे, ज्यात इतर मुलेही असतील. मैत्री जमण्याची जागा चर्चखेरीज कुठे आहे, तर शाळेच्या संघांत, बँडमध्ये आणि फोर-एच या ग्रामीण मुलांच्या मंडळात, जिथे मुले कोकरे आणि टर्की वाढवून काउंटीच्या जत्रेत नेतात. सॅनपीट टर्कीपालनासाठी प्रसिद्धच आहे. शाकाहारी घरातल्या मुलाने मेंढ्या किंवा ससे पाळावेत, किंवा छायाचित्रणाचा विभाग निवडावा, तोही असतो. तरुणांच्या संध्याकाळच्या खेळांना वॉर्डातून बोलावणे आले, तर खेळायला जाऊ द्यावे आणि धर्माच्या वर्गाला नको म्हणावे. ही रेघ आईवडिलांनी आखून द्यावी, मुलावर सोडू नये.

‘तू चर्चला का येत नाहीस? मग तुम्ही काय मानता?’ हा प्रश्न दोन्ही मुलांना विचारला जाईल आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा निव्वळ कुतूहल असेल. तिथली मुले लहानपणापासून चारचौघांत उभी राहून आपला विश्वास शब्दांत मांडतात. आपल्याकडे रामकुंडावर जाणे, संध्याकाळी शुभंकरोति म्हणणे, चतुर्थीचा उपवास हे सगळे आपोआप होत असते, ते कोणाला समजावून सांगण्याची वेळच येत नाही. इथे तुमचे खरे काम आहे. सहा महिन्यांत नातीला गणपतीची, रामाची गोष्ट सांगा, आपण दिवा का लावतो ते सांगा आणि तिच्याकडून ते इंग्रजीत चार वाक्यांत म्हणवून घ्या. जिला स्वतःविषयी बोलता येते ती मुलगी वर्गात बावरत नाही. नात लवकरच आठ वर्षांची होईल आणि तिच्या मैत्रिणींचे बाप्तिस्मे, पांढरे कपडे, घरचे समारंभ तिला दिसतील. आपले काहीच नाही असे तिला वाटू नये म्हणून त्या वर्षीचा वाढदिवस औक्षण, नवा परकर-पोलका आणि मैत्रिणींना पुरणपोळी असा थाटात करा.

तुमच्या स्वतःच्या दिवसांचे म्हणाल, तर गावात बस नसेल आणि बाहेर बर्फ असेल, त्यामुळे घरात बसून राहण्याचा धोका खरा आहे. सार्वजनिक वाचनालय आणि ज्येष्ठांचे केंद्र यांची चौकशी सुनेने आधीच करून ठेवावी. शिवाय ‘रिलीफ सोसायटी’ ही 1842 मध्ये स्थापन झालेली त्यांची महिला संघटना आठवड्यातील एखाद्या दिवशी एकत्र बसून रजया शिवते आणि त्या गरजू घरांना देते. तिथे बाहेरच्या बाईला मुद्दाम बोलावतात. तुम्हाला गोधडीचा टाका येत असेल, तर भाषा अडणार नाही. मी तिथे गेले तेव्हा लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाभोवती आजीपासून नातीपर्यंत सगळ्या बसल्या होत्या. मी घातलेला धावदोरा पाहून शेजारच्या बाईंनी चष्मा सारखा केला, तो टाका दोनदा उसवून पाहिला आणि तिसऱ्यांदा स्वतः घातला. त्यांच्याशी माझी ओळख पुढे कायम राहिली.

प्रश्न

माझा मुलगा आयडाहो राज्यात रेक्सबर्गजवळ राहतो. तिथेही बहुतेक सगळे याच पंथाचे आहेत. शेजाऱ्यांशी घरोबा आहे, तरीही त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाला मुला-सुनेला बोलावले नाही, फक्त संध्याकाळच्या स्वागत समारंभाला बोलावले. सून फार दुखावली आहे. आता त्याच घरातून धाकट्या मुलाच्या बाप्तिस्म्याचे आमंत्रण आले आहे. जावे का?

– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर

सुनेला सांगा, यात अपमान नाही. त्यांचे लग्न ‘टेंपल’मध्ये होते आणि रविवारचे चर्च व टेंपल या दोन वेगळ्या वास्तू आहेत. चर्चमध्ये कोणीही जाऊ शकतो. टेंपलमध्ये मात्र ज्यांना बिशपने मुलाखत घेऊन परवाना दिला आहे अशाच सभासदांना प्रवेश असतो. वधूचे सख्खे आईवडील पंथाबाहेरचे असले, तर त्यांनाही लग्न लागताना बाहेर थांबावे लागते. यात पुष्कळ घरे रडली आहेत आणि त्या दुःखाला मी कमी लेखणार नाही. 2019 मध्ये चर्चने नियम सैल केला आणि आधी सर्वांसमोर नागरी विवाह करून लगेच टेंपलमधील विधी करण्याची मुभा दिली, तरीही अनेक जोडपी फक्त टेंपलच निवडतात. स्वागत समारंभाला बोलावणे म्हणजेच शेजाऱ्यांना देता येण्यासारखे सगळे आमंत्रण होते.

बाप्तिस्म्याला अवश्य जावे. तो चर्चच्या इमारतीत होतो, तिथे सर्वांना प्रवेश असतो आणि सारा कार्यक्रम तासाभरात आटोपतो. एक-दोन गीते, छोटेसे भाषण, मग पांढऱ्या कपड्यांतील मुलाला त्याचे वडील किंवा दुसरे कोणी छातीभर पाण्याच्या कुंडात एकदा पूर्ण बुडवून वर काढतात. पाहुण्यांना काही म्हणावे किंवा करावे लागत नाही. पंजाबी ड्रेस किंवा साडी, काहीही चालते, रविवारच्या नेटक्या कपड्यांचा संकेत पाळला की झाले. भेट नेलीच पाहिजे असे नाही, नेली तर मुलाच्या आवडीचे एखादे गोष्टीचे पुस्तक न्यावे. रविवारच्या प्रार्थनेला कधी गेलात आणि पावाचे तुकडे व पाण्याच्या छोट्या पेल्यांचे तबक तुमच्यापर्यंत आले, तर ते न घेता शांतपणे पुढच्या माणसाकडे द्यावे, कोणी वळूनही पाहत नाही.

नातू बरोबर जाणार असेल, तर त्याला आदल्या दिवशी सगळे समजावून सांगा. परत येताना गाडीत तो ‘माझे असे कधी होणार?’ असे नक्की विचारेल. त्याची मुंज करायची असेल, तर मुला-सुनेने ती कधी आणि कुठे करायची हे त्याआधी ठरवून ठेवावे आणि त्याला तारखेसह सांगावे. करायची नसेल, तर तेही त्याला नीट कारण देऊन सांगावे. मुंज झाली, तर त्या शेजाऱ्यांना जेवणाचे आमंत्रण द्यायला विसरू नका.